दिव्यांची टोपडी

मोशीच्या आनंदछाया सोसायटीचं पार्किंग उघडं होतं. बिल्डरनं ब्रोशरमध्ये छप्पर दाखवलं होतं, ते ब्रोशरमध्येच राहिलं. त्यामुळे सगळ्या गाड्या दिवसभर उघड्यानागड्या तळत उभ्या असायच्या. त्यात एकाच गाडीच्या अंगावर थोडेतरी कपडे होते. ती साहेबरावांची.

राखाडी रंगाची, अकरा वर्षांची छोटी गाडी. तिच्या दोन्ही हेडलाइटांवर टोपडी बांधलेली, तान्ह्या बाळाला बांधतात तशी. वरच्या नाड्या बॉनेटच्या फटीत अडकवलेल्या, खालच्या बंपरच्या जाळीत. आणि ही टोपडी शिवली होती साहेबरावांच्या कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मची. डाव्या टोपड्यावर तर शर्टाचा खिसा तसाच राहिला होता, आणि खिशावर शिवलेली नावाची पट्टीही. म्हणजे गाडीच्या डाव्या डोळ्यावर लिहिलेलं होतं, 'साहेबराव, फायनल इन्स्पेक्शन'. सोसायटीतले लोक त्याला लंगोट म्हणत. साहेबराव ऐकलं न ऐकल्यासारखं करत.

न ऐकणं हे तर त्यांचं खास काम. माणूस लाख मोलाचा, पण कान फक्त चष्मा अडकवायला. चाकणच्या हेडलाइट बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फायनल इन्स्पेक्शनला. बनलेली लेन्स ट्यूबलाइटखाली धरायची, तिरकी करायची, आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. 'पास' ते मनात म्हणत आणि 'रिजेक्ट' सगळ्या शॉपला, म्हणजे कारखान्याच्या अख्ख्या विभागाला, ऐकू जाईल असं. केसाएवढा चरा, मोहरीएवढा बुडबुडा, कडेला कोटिंगचा जरासा ओघळ, काही सुटायचं नाही. समोरचा काही सांगायला लागला की साहेबराव पुढचा पीस हातात घेत. मशीन बोलतं, माणूस बहाणे सांगतो, असं त्यांचं मत होतं.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी इन्स्पेक्शन काही सुटलं नव्हतं. सोसायटीत कुणीही नवी गाडी आणली की पेढा तोंडात टाकून साहेबराव आधी हेडलाइटसमोर वाकत. कुणी "काकांना काच फार आवडते" म्हणालं, की लगेच सुरू. "काच नाही ती. पॉलिकार्बोनेट. काच असती तर पिवळी पडली असती का? उन्हानं पिवळं पडतं ते प्लास्टिक. म्हणून वर यूव्हीचं कोटिंग असतं, आपल्या कातडीसारखं. ते गेलं की संपलं." मग छातीवर हात ठेवून शेवटचं वाक्य, "आणि माझ्या गाडीचे दिवे माझ्या लाइनवरचे आहेत. माझ्या हाताखालून गेलेला दिवा पिवळा पडत नाही. पडला तर नाव बदलून टाका."

आता खरी भानगड इथंच होती. दिवे पिवळे पडले होते.

थोडेथोडके नव्हेत हो, चांगले हळदीच्या दुधासारखे. वर्षभरापूर्वी ऐन उन्हाळ्यात एका सकाळी गाडी पुसताना त्यांना ते दिसलं. आधी वाटलं धूळ आहे. पुसलं. मग वाटलं चष्मा खराब आहे. चष्मा पुसला. मग ते गाडीच्या पुढं उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवर माणूस ताठ मानेनं जगला तीच डोळ्यांसमोर पिवळी पडलेली. दुसरा असता तर बायकोला सांगितलं असतं, "अगं, दिवे पिवळे पडले बघ." साहेबरावांनी घरात जाऊन सांगितलं, "कस्तुरा, ऊन फार वाढलंय. माझ्या जुन्या शर्टाची दोन टोपडी शिवून दे. दिव्यांना संरक्षण पाहिजे."

कस्तुराबाईंनी शिवून दिली. काही विचारलं नाही. विचारून उत्तर मिळत नसतं, भाषण मिळतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी लातूरला कळलं होतं.

तेव्हापासून वर्षभर साहेबरावांची जी काही कसरत चालली होती ती सर्कसवाल्यांनी बघायला हवी होती. दर पौर्णिमेला दोघं पहाटे देहूरोडच्या विहारात जात. पांढरी साडी नेसून कस्तुराबाई गाडीत बसल्या, दार लागलं, गाडी गेटबाहेर पडली, की मग साहेबराव खाली उतरून टोपडी काढत. विहारापाशी पोचलं की त्या उतरायच्या आत धावत जाऊन पुन्हा चढवत. एकदा कस्तुराबाई म्हणाल्या, "अहो, अजून उजाडलं पण नाही. ऊन कुठाय?"

"अल्ट्राव्हायोलेट डोळ्यांना दिसत नसतं," साहेबराव गाठ मारत म्हणाले.

यावर कोण काय बोलणार!

आता या सगळ्यात सुरेंद्र आला. सुरेंद्र तिसऱ्या मजल्यावर राहायचा. हिंजवडीला कसल्यातरी कंपनीत मॅनेजर, पांढरीशुभ्र मोठी गाडी, आणि इंटरनेटवर बघून घरच्या घरी काहीही दुरुस्त करायची हौस. एका रविवारी त्यानं आपल्या गाडीचे पिवळट दिवे टूथपेस्टनं घासून लख्ख केले आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. साहेबरावांचा मात्र तिळपापड झाला. ते चपला न घालता खाली आले.

"सुरेंद्रराव, हे काय केलंत? पेस्टनं कोटिंग खरवडून काढलंत तुम्ही! दोन महिन्यांत आधीपेक्षा पिवळे पडतील."

"काका, पण किती चकाचक दिसतायत बघा ना."

"दात घासा, दिवे नको. आमच्या लाइनवर असलं कुणी केलं असतं तर गेटबाहेर काढला असता."

दोन महिन्यांनी सुरेंद्रचे दिवे खरोखरच आधीपेक्षा पिवळे पडले. साहेबरावांनी ही बातमी पाच बिल्डिंगांत स्वतः पोचवली. इथंच त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसतील तर ते साहेबराव कसले! बातमीबरोबर ते आपल्या अकरा वर्षांच्या दिव्यांची थोरवीही सांगत फिरले.

सुरेंद्र काही वाईट माणूस नव्हता. त्यानं हार मान्य केली आणि ग्रुपवर लिहिलं, 'साहेबराव काका बरोबर होते. काकांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये सगळ्यांना हेडलाइटची निगा कशी राखायची ते दाखवावं. काकांच्या गाडीचे दिवे अकरा वर्षं जुने आहेत. ते कसे नव्यासारखे राहिले ते सगळ्यांनाच बघायचंय.' साहेबराव काही बहाणा शोधेपर्यंत त्यांच्या सूनबाईंनी, मिनलनं, ऑफिसातून उत्तर टाकून दिलं होतं, 'पप्पा नक्की दाखवतील!' पुढं दोन हात जोडलेले आणि एक गाडी.

म्हणजे रविवारी दहा वाजता टोपडी उतरणार आणि त्याबरोबर साहेबरावही उतरणार. सव्वीस वर्षं, पाच बिल्डिंगा, "नाव बदलून टाका" हे वाक्य, सगळं एका नाडीवर लटकलेलं. त्यांचं जेवण सुटलं. रात्री कूस बदलत राहिले. कस्तुराबाईंनी विचारलं, "ॲसिडिटी का?" तर "हो" म्हणाले.

शनिवारी सकाळी साहेबराव बसनं भोसरीला गेले. कशाला? टूथपेस्ट आणायला. हसू नका. घरात टूथपेस्ट होती, पण ती हिरवी जेलची. दिव्यांना पांढरी लागते हे त्यांना ठाऊक होतं, सुरेंद्रची टर उडवण्यासाठी त्यांनी या विषयाचा भरपूर अभ्यास केला होता. मोशीच्या दुकानात पांढरी मिळत होती, पण दुकानदार सोसायटीत सामान पोचवायचा, त्यानं कुणाजवळ तोंड उघडलं तर? जणू जगात टूथपेस्ट घेणारे हे एकटेच! मनात चोर असला की माणूस पेस्टची ट्यूबही दारूच्या बाटलीसारखी पिशवीत लपवतो.

दुपारी तीनला सोसायटी झोपलेली होती. ऊन असं की पार्किंगचे पेव्हर ब्लॉक चपलेतून चटके देत होते. साहेबरावांनी इकडंतिकडं बघितलं, डावं टोपडं सोडलं, पेस्ट बोटावर घेतली आणि दिव्याला लावली. हीच गोष्ट कुणी लाइनवर केली असती तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं, आणि आज ते स्वतः दात घासायचा जुना ब्रश घेऊन आपल्याच पास केलेल्या दिव्याला घासत होते. घासता घासता त्यांना रडूच यायला लागलं. एक मन म्हणत होतं, थांब बाबा, कोटिंग जाईल. दुसरं म्हणत होतं, रविवार जाऊ दे, मग कोटिंग गेलं तरी चालेल.

आणि घासून पुसून बघतात तर काय, दिवा तस्साच पिवळा. वर उलट बारीक बारीक चरे.

"काय करायलात हो?"

मागं कस्तुराबाई उभ्या होत्या. हातात वाळत घातलेल्या कुरडयांची परात होती. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, ब्रशकडं बघितलं, दिव्याला लागलेल्या पांढऱ्या फेसाकडं बघितलं. मग त्यांनी परात बॉनेटवर ठेवली आणि तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला.

"हस, हस तू," साहेबराव जमिनीवरच बसले. "सगळ्या जगानं हसायचंच आहे उद्या. पिवळे पडले माझे दिवे. वर्ष झालं."

कस्तुराबाईंचं हसू थांबलं. "वर्ष झालं? म्हणजे ही टोपडी..."

"झाकायला."

"आणि विहारात जाताना मला गाडीत बसवून तुम्ही बाहेर पळत होतात ते?"

"झाकायलाच."

"कुणापासून?"

"लोकांपासून गं."

"पहाटे पाचला कुठले लोक? तिथं मीच होते की. दुसरं कोण होतं?" त्यांचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षं झाली तुमच्याबरोबर. तुमचे दात पडले ते मी पाह्यलं, पाठीत उसण भरली तेव्हा आंघोळ मी घातली. आणि दिवा पिवळा पडला तो माझ्यापासून झाकलात? मला तेवढं पण समजणार नव्हतं होय?"

साहेबरावांनी हातातला ब्रश पायाखाली सरकवला, जणू आता तेवढाच झाकायचा राहिला होता.

कस्तुराबाई दिव्यासमोर वाकल्या. डोळे बारीक करून बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो, रणजीतची फिल्म काढली नाही का तुम्ही?"

"कसली फिल्म?"

"अगं बाई! तुमच्या सेंडऑफला नाही का लावून दिलेली. पाच वर्षांनी काढा म्हणाला होता की तो."

रणजीत लाइनवर साहेबरावांच्या शेजारच्या टेबलाला होता. पास झालेल्या लेन्सवर चरे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म चिकटवायचं त्याचं काम. सेंडऑफच्या दिवशी लाइनच्या लोकांनी साहेबरावांची गाडी धुऊन, हार घालून गेटपाशी आणून उभी केली होती हे साहेबरावांना आठवत होतं. रणजीत माईकवर चांगला पंधरा मिनिटं बोलला हेही आठवत होतं. काय बोलला, ते मात्र काही केल्या आठवेना. कारण त्यानंतर साहेबरावांचं भाषण होतं आणि ते सगळा वेळ मनात त्याचीच उजळणी करत होते.

"काय म्हणाला होता गं?" त्यांनी हळूच विचारलं.

कस्तुराबाईंनी आधी घरातून गरम पाण्याची किटली आणवली. साहेबराव धावत जाऊन घेऊन आले, हेही नवीनच. कस्तुराबाईंनी दिव्यावर पाण्याची धार धरली, बॉनेटच्या फटीपाशी नख फिरवत फिरवत कड शोधली आणि कुरडई कागदावरून सोडवावी तशा बेतानं ओढायला लागल्या. ओढता ओढता सांगत होत्या.

"म्हणाला, भाऊंनी माझे इतके पीस रिजेक्ट केले की मला झोपेत पण रिजेक्ट ऐकू यायचं. एका शिफ्टला एकोणीस. त्या दिवशी मी नोकरी सोडणार होतो, म्हणाला. पण भाऊंच्यामुळं हात बसला. आता भाऊंच्या गाडीवर दोन पीस असे लावलेत की भाऊंना कड सापडणार नाही. सापडली तर फोन करून शिव्या द्या. आणि पाच वर्षांनी फिल्म पिवळी पडेल, तेव्हा बोलवा, मी स्वतः येऊन नवीन लावीन. असं म्हणून रडला पोरगा. सगळे रडले. मी रडले. तुम्ही खिशातला कागद काढून बघत होतात."

फिल्म चर्रकन निघाली. खालचा दिवा असा निघाला की साहेबरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नितळ. एक चरा नाही, एक डाग नाही. सगळं पिवळेपण कस्तुराबाईंच्या हातात गोळा होऊन लोंबत होतं.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत तुम्ही ऐकलं नाही ते? तुमच्या पुढ्यातच तर सांगत होता. आणि दिवे पिवळे पडले ते तुम्ही दाखवलंत कुठं?"

खरं होतं. त्यांनी एकदा जरी तिला "बघ" म्हटलं असतं तर वर्षभराची कसरत पाच मिनिटांत मिटली असती. साहेबरावांनी दिव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी रणजीतचे दोन-तीन फोन आले होते."

"मग?"

"मी त्याला गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतो. प्रत्येक वेळी. नंतर यायचे बंद झाले."

कस्तुराबाईंनी उजव्या दिव्याची कड शोधायला घेतली.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये पंचवीस-तीस माणसं जमली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा आणला. मिनलनं सासऱ्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. साहेबरावांनी नाड्या सोडल्या, दोन्ही टोपडी काढली, आणि "वा!" असा आवाज झाला. अकरा वर्षांचे दिवे उन्हात लखलखत होते. सुरेंद्र तर गुडघ्यावर बसला.

"काका, मानलं तुम्हाला! रहस्य सांगा आता."

साहेबरावांची छाती आपोआप वर आली. सव्वीस वर्षांची सवय हो, एका दुपारीत थोडीच जाते. "त्याचं असं आहे, सुरेंद्रराव, माझ्या हाताखालून गेलेला दिवा..."

"काका," सुरेंद्रनं नाक दिव्याजवळ नेलं, "पुदिन्याचा वास येतोय."

एकानं येऊन वास घेतला. मग दुसऱ्यानं. बॉनेटच्या फटीत पांढरी पेस्ट वाळून बसली होती, तिथं कस्तुराबाईंचा हात पोचला नव्हता. साहेबरावांनी गर्दीत कस्तुराबाईंकडं बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, वाचवायलाही आल्या नाहीत. नुसत्या वाट बघत होत्या, आणि त्यांच्या हातात घडी घातलेली ती पिवळी फिल्म होती.

साहेबरावांनी घसा खाकरला. "पेस्ट मीच लावली होती. काल. भोसरीहून आणून."

असा हशा पिकला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. साहेबराव तो संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "टोपडी उन्हासाठी नव्हती. दिवे पिवळे पडले असं वाटून मी ती तोंड लपवायला घातली होती. रहस्य मला विचारू नका. मी काही केलेलं नाही. ज्यानं केलंय त्यालाच विचारू." आणि त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर शोधून लावला, स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवला.

बराच वेळ वाजला. मग मागं मशीनची घरघर आणि एक सावध आवाज. "हॅलो? भाऊ?"

"रणजीत, जय भीम. फायनल इन्स्पेक्शनमधून बोलतोय."

"जय भीम, भाऊ. आज रविवारी? तब्येत बरी ना? गुडघा?"

"गुडघा गेला खड्ड्यात. कड सापडली."

"कशाची कड?"

"तुझ्या फिल्मची. तीही मला नाही सापडली. कस्तुराला सापडली. मी सहा वर्षं रोज ते दिवे पुसले, रणजीत, आणि मला कळलंही नाही की वर काही लावलंय."

रणजीत हसायला लागला, मग हसणं मध्येच कुठंतरी अडकलं. "मी वर्षभर वाट बघितली, भाऊ. वाटलं, कड सापडली असेल, म्हणून रागानं फिल्मचा विषयच काढत नसतील."

एवढ्या लोकांसमोर साहेबरावांनी बाहीनं डोळे पुसले, इस्त्रीच्या शर्टाच्या.

"पीस पास आहे," ते म्हणाले. मग आठवलं, हा शब्द ते कायम मनातच म्हणत आले होते. म्हणून सगळ्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "दोन्ही पीस पास!"

मग रणजीत एकदम बोलायलाच लागला. लाइनवर ओव्हरटाइमला आलोय, फिल्मच्या टेबलाला आता मीच हेड आहे, मीही पोरांना रिजेक्ट म्हणतो, पण पास पण मोठ्यानं म्हणतो, पोरगी पहिलीत गेली, आई गेल्या वर्षी वारली, तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला होता. लोक एकेक करून सावलीला सरकले. सुरेंद्रनं साहेबरावांच्या डोक्यावर एक टोपडं ठेवलं, खिसा असलेलं. साहेबरावांनी ते काढलं नाही.

"भाऊ, ऐकताय ना?" रणजीतनं मध्येच विचारलं.

"ऐकतोय," साहेबराव म्हणाले. "तू बोल."